सुप्रसिद्ध फॅशन डिझायनर

बोरखडी, ता. पाथर्डी
सोमवार, १० मार्च

स्नेहल,

आशीर्वाद शेवटी लिव्हीन, जागा उरली तर. आधी कामाचं.

तुझं पाकीट मालनबाईच्या घरी पोचलं. तिनं ते पदराखाली घालून आनलं, जनू गांजाच आनलाय. वर इचारती कशी, "रंगुबाई, नातीचं हाय जनू?" मी म्हनलं, "न्हाई, कलेक्टरचं हाय. माझा सल्ला मागितलाय." ती चार घरं सोडून ऱ्हाती. म्हंजी चार घरांत सांगूनच आली असंल.

तू लिव्हतेस, आजी फोन का करत न्हाईस. तुझ्या बापानं घरातल्या समद्या मोबाईलमधनं तुझा नंबर काढून टाकलाय, माझ्या डबड्यातनं बी. अन् फोनवर मला निम्मं ऐकू येत न्हाई, ऱ्हायलेलं निम्मं तुझी आई सुरेखा दाराआडून ऐकती. कागदच बरा. तिसरीपातुर शिकले ती कुठं तरी कामाला येऊ दे.

तर तुझ्या पिच्चरच्या कापडांसाठी बक्षिसाला तुझं नाव लागलं. कारेक्रम होऊन गेला, टीव्हीवर मातर २३ तारखेला दावनार, अन् मिळालं का न्हाई ते तवर कुनाला सांगायचं न्हाई. बारसं आधी उरकायचं अन् बाळंत मागनं व्हायचं, तसली ही तुमची तऱ्हा.

गेल्या सालापास्न मी हे बक्षिसांचे कारेक्रम बघते, तू त्या धंद्यात हायस म्हनून. सुरेखाला वाटतं सासू शिरेल बघती. माझं मत इचारशील तर तो कारेक्रम म्हंजी श्रीमंताघरचं लगीन, ज्यात नवरी कोन हे शेवटपातुर कळत न्हाई. दोन बापये मधी उभं राहून इनोद करत्यात अन् तेच आधी हसत्यात. एका बाईचा झगा एवढा लांब, की शेपूट धरायला मानूस ठिवला हुता. पाठीवर मातर कापड पुरलं न्हाई. ज्याला मिळतं तो रडतो, ते मी बघत न्हाई. ज्याला मिळत न्हाई तो टाळ्या वाजवतो, त्याच्या तोंडाकडं बघावं. जावेला पोरगा झाल्यावर बाया तसंच हसत्यात. अन् एका निळ्या कोटवाल्याला तीनदा दावला. तिन्ही येळा तीच मान, शेजारनीच्या हातात तोच अर्धा गिलास. मी म्हनलं, सुरेखा, ह्या टाळ्या शिळ्या हायेत. ती म्हनली, आत्याबाई, गप बघा की.

आता इशय. तू इचारतेस, चैती पुनवेच्या यात्रेला घरी येऊ का, बापाला इचार. मी इचारनार न्हाई. अन् वर लिव्हतेस, 'माझं काय चुकलं ते तरी सांग.' सांगते. तुझी सुपारी फुटायची हुती त्या दिशी शेवगावची पाव्हनी बसली हुती. बापानं त्यास्नी सांगितल्यालं, आमी पिढीजात बागायतदार. मुलाच्या मावशीनं पत्रिकेसाठी जलमगाव इचारलं, तर तू म्हनलीस, "उसाच्या फडावर, पाचटाच्या कोपीत. आईनं सकाळी मोळ्या वाहिल्या अन् दुपारी मी झाले." पाव्हनी पव्हं खाऊन उठली, सुपारी ताटातच ऱ्हायली. बाप म्हनला, "तवाच फडावर मेली असतीस तर बरं झालं असतं." तू दुसऱ्या दिशी पहिल्या एस्टीनं गेलीस, त्याला तीन वर्सं झाली.

खरं तूच बोललीस. पन खरं बोलायला बी येळ असती. पाव्हन्यांनी पव्ह्यांवर लिंबू पिळायच्या आत न्हाई.

आता त्याचं कृषी केंद्र हाय, पांढरी कापडं हायेत, लोक शेठ म्हनत्यात. गावातली निम्मी घरं आजबी कोयता घेऊन कारखान्याला जात्यात. तुझा बाप कल्याण बी जायचा, समद्यांस्नी ठाऊक हाय, पन त्याच्या तोंडावर कुनी काढत न्हाई. खत समद्यांलाच लागतं. अन् तू पिच्चर केलास तो ऊसतोडीच्या बायांवर! नटीला फडात उभी केलीस म्हनं. बापाच्या दुखन्यावर मीठ लावायचं तर हातानं लावायचं, तू पडद्यावरनं लावलंस. हे मी त्याला सांगितल्यालं न्हाई अन् सांगनार बी न्हाई. तू चमकी-टिकलीची कापडं करतेस असं त्याला वाटतं. वाटू दे.

बक्षिसाचं सांगत न्हाईस, पन स्टेजवर चार शब्द बोलले म्हनतेस. म्हंजी मिळालंच असंल, मी काय दुधखुळी न्हाई. काय बोललीस ते टीव्हीवर बघ म्हनतेस. मला कोडी घालू नको. बापाचं नाव घेतलंस का? कोयत्याचं? ते आधी कळीव.

घरची खबर अशी की म्हस आटली. सुरेखाचं गुडघं दुखत्यात. अन् त्या पातेल्यात दूध पुन्हा उतू गेलं. तेच पातेलं, जे तिनं तुझ्या जायच्या वक्ताला भांडीवालीला जुना शर्ट देऊन घेतलं. कल्याणचा, पोपटी ठिगळाचा, जो अंगात घालून सुरेखा ऊस तोडायची. कल्याण फेकून द्यायला निघाला हुता, मी कोयत्यासंगं पोत्यात बांधून माळ्यावर ठिवल्याला. ती म्हनती, मी दिला न्हाई. मग काय उंदरानं नेला? पातेलं दिसलं की मी अजून तिला बोलते.

रंगुबाई


बुधवार, १९ मार्च

स्नेहल,

तुझं उत्तर आलं न्हाई अन् हितं आग लागली.

काल मालनबाई पळत आली. "रंगुबाई, तुमची स्नेहल स्टँडावर!" माझी भाकर तव्यावरच ऱ्हायली. मला वाटलं तू एस्टीतनं उतरलीस. पायात वहाना न घालता गेले, तर तू फ्लेक्सवर. दोन मानसांएवढी उंच.

तुझ्या बापानं दुकानात बसून पेपरात तुझं नाव वाचलं. कुनाला न बोलता पाथर्डीला गेला अन् फ्लेक्स छापून आनला. फोटो कोंचा टाकलाय सांगू? स्थळाला पाठवला हुता तो, हिरव्या साडीतला, मान खाली घातल्याला. त्याखाली लिव्हलंय, 'कु. स्नेहल, सुप्रसिद्ध फॅशन डिझायनर, मुंबई, यांना मानाचा पुरस्कार मिळाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन.' अन् तुझ्या बाजूला तो सोता, हात जोडून, काळा गॉगल घालून. त्याचा फोटो तुझ्यापेक्षा मोठा हाय. लेकीसाठी लावला का सोतासाठी, ते त्याचं त्यालाच ठाऊक.

मी म्हनलं, "मिळाल्याबद्दल? अजून दावलं कुठंय?"

"आये, पेपरात नाव आलंय म्हंजी मिळालंच. इलेक्शनला निकालाच्या आधी फ्लेक्स लागत न्हाईत का?"

"लागत्यात. अन् पडल्यावर रातोरात उतरवत्यात बी."

पन एवढ्यावर भागलं न्हाई. रविवारी भैरवनाथाच्या देवळाफुडं पांढरा पडदा लावनार हाय. प्रोजेक्टर ठरवलाय. नगरहून खताच्या कंपनीचे साहेब येनार. काकासाहेबाला बी आवतन गेलं. काकासाहेब म्हंजी जुना सरपंच, तुला ठाऊकच हाय, कल्याणची पांढरी कापडं बघितली की त्याला खाज सुटती.

मी म्हनलं, "कल्याण, आपन घरातच बघू की. टीव्ही धडधाकट हाय."

"का? माझी लेक हाय. चोरून बघू?"

तीन वर्सांनी त्याच्या तोंडातनं 'माझी लेक' आलं. सुरेखा चुलीपाशी हुती, तिनं उगाच फुंकनी मारली. चूल पेटलेलीच हुती.

मी म्हनलं, "पिच्चर कसला हाय, ते तरी कुनाला इचार."

"इचारायचं काय त्यात? पिच्चरसारखा पिच्चर."

तवा सांगायला पायजे हुतं. जीभ दातापातुर आली अन् माघारी गेली. माझी जीभ, जी कुनासाठी थांबत न्हाई. सांगितलं असतं तर फ्लेक्स त्याच दिशी उतरला असता अन् 'माझी लेक' बी संगंच. अन् न सांगावं तर रविवार हाय. ऊसतोडीच्या टोळ्या आता माघारी यायला लागल्यात, कालच दोन ट्रक उतरले. फडावरची समदी मान्सं पडद्याफुडं बसनार. त्या नटीच्या अंगावर काय हाय, ते त्यांस्नी कुनी सांगायला नको.

यात्रेचं इचारनार न्हाई म्हनलं हुतं, पन इचारलं. तो शर्टाचं बटन लावता लावता म्हनला, "रविवार होऊ दे. मग बघू."

म्हंजी समदं रविवारवर आलंय. स्टेजवर तू काय बोललीस ते मला कळीव. मालनबाईच्या पोराच्या मोबाईलवर कळीव, कसं बी कळीव. वाईट बोलली असशील तर मी रविवारी पडद्याची वायर उपटीन, शपथ घेऊन सांगते.

रंगुबाई


सोमवार, २४ मार्च

स्नेहल,

पिशवी भरली असशील तर उतरवून ठिव. माझा दुसरा कागद येस्तवर निघू नको. का, ते वाच.

काल देवळाफुडं सतरंज्या टाकल्या. साहेब लोकांस्नी खुर्च्या. तुझ्या बापानं नवीन पांढरी कापडं घातली, बाजूच्या खुर्चीवर शाल अन् नारळ मांडून ठिवला. तुझं नाव पुकारलं की गावादेखत सुरेखाचा सत्कार करनार हुता, पोरीची आई म्हनून. सुरेखा नवी साडी नेसून माझ्या बाजूला बसली. पदर धा येळा सारखा केला.

कारेक्रम सुरू झाला. ह्या खेपंला तीन बापये इनोद करायला. मानूस वाढला म्हनून इनोद वाढला असं न्हाई. एकानं बाईचा झगा घातला हुता, आमच्या यात्रेतल्या तमाशातला मावशीवाला त्याच्यापेक्षा बरा. एक म्हातारा नट आला, त्याला जलमभराच्या कामाचं बक्षीस दिलं अन् बोलाय लागला तर मागनं वाजंत्री सुरू केली. जेवायला बोलवायचं अन् ताटावरनं उठवायचं, हे आमच्यात करत न्हाईत. जाहिराती तर एवढ्या, की मालनबाई इचारती, "बक्षीस साबनाला हाय का गं?"

तुझा बाप प्रत्येक जाहिरातीनंतर सरळ बसत हुता.

मंग एक पोरगी आली अन् लाडंलाडं म्हनली, "आणि आता तांत्रिक विभागातले मानकरी." अन् खालनं एक पट्टी पळाली. फोटो अन् नाव, फोटो अन् नाव, एस्टीच्या खिडकीतनं खांब पळत्यात तशी. त्यात तू. बक्षिसाची बाहुली छातीशी धरल्याली, केस कापल्याले. कुनी सांगितलं ते कापायला? पापनी लवायच्या आत तू गेलीस अन् साबन आला.

मी बघितलं. सुरेखानं बघितलं. साहेब मोबाईलवर बोलत हुते. मालनबाई शेंगा फोडत हुती. अन् तुझा बाप 'मानकरी' ऐकलं तसा नारळ घ्यायला वाकला हुता. नारळ घेऊन वर बघितलं तर फुडं साबन.

सतरंजीवर लोकांची कुजबुज सुरू झाली. "झालं?"
"कुठं झालं?"
"दावलं की आत्ता."
"न्हाई बा. मी डोळं लावून बसलोय."

काकासाहेब खुर्चीतनं म्हनला, "शेठ, फ्लेक्स लईच मोठा झाला, पोरगी बारीक झाली." खुर्च्यांवर हशा पिकला.

तुझा बाप म्हनला, "दावतील फुडं. भाषान दावतील." अन् नारळ मांडीवर घेऊन बसला. मोठा मानूस, मांडीवर नारळ. मला बघवंना.

माझं मत इचारशील तर ज्यांनी कापडं शिवली, आवाज धरला, पिच्चर जोडला त्यांस्नी पळत्या पट्टीवर टाकलं, अन् इनोदवाल्यांस्नी आख्खी संध्याकाळ दिली. लग्नात आचाऱ्याला पंगतीत बसवत न्हाईत, तसं. पन खोटं कशाला बोलू, तुझं भाषान कापलं म्हनून मला हायसं वाटलं. त्याचीच धास्ती हुती. मी चंची सोडली, पानाला चुना लावला. म्हनलं सुटलो.

सुटलो कुठलं.

नट्यांच्या बक्षिसाची येळ आली. चौघींच्या पिच्चरचे तुकडे दावले. पहिल्या तिघी रडल्या. चौथी तुझी. पहाटंची धुई, उसाचा फड, अन् ती नटी पाठमोरी. वळली. अंगावर लुगडं, वरनं बापयाचा शर्ट, पाचटानं हात कापू नये म्हनून बाह्या पंजापातुर ओढून चिंधीनं बांधल्याल्या. अन् डाव्या खिशावर पोपटी ठिगळ.

पडद्यावर ते ठिगळ बैलाच्या पाठीएवढं दिसलं.

सुरेखानं माझं मनगट धरलं. "आत्याबाई, शर्ट." एवढंच. पातेल्याचं तिनं काढलं न्हाई. मी बी काढलं न्हाई.

मागं टोळीतल्या बाया बसल्या हुत्या, अजून अंगावर प्रवासाची धूळ. त्यातली एक मोठ्यांदा म्हनली, "अगं बया, हिनं बाह्या आपल्यावानीच बांधल्यात. कोन हाय गं बांधनारी?" त्या समद्या सतरंजीवरनं फुडं सरकल्या. पार खुर्च्यांच्या फुडं जाऊन बसल्या.

अन् काकासाहेबाला संधी मिळाली. "कल्याणशेठ, हीच का ती मुंबईची फॅशन? आमच्याकडं बांधाबांधावर हाय. तुमच्या तर घरातलीच दिसती."

पुन्हा हशा. साहेब बी हसले, काय कळलं कुनास ठाऊक.

तुझा बाप उभा ऱ्हायला. पडद्याच्या उजेडात त्याची पांढरी कापडं निळी झाल्याली. त्यानं काकासाहेबाकडं बघितलं न्हाई, माझ्याकडं बघितलं न्हाई. पडद्याकडं बघत हुता. नटीला बक्षीस मिळालं. तिनं देवाचे आभार मानले, डायरेक्टरचे मानले, तिच्या कुत्र्याचे बी मानले. शर्टाचं कुनी नाव काढलं न्हाई. तुझ्या बापानं नारळ खुर्चीवर ठिवला अन् निघून गेला.

आमी घरी आलो तर तो माळ्यावर. पोतं सोडून आत हात घालत हुता. कोयता हुता, शर्ट न्हवता. कोयता घेऊन खाली आला, मांडीवर आडवा ठिवला अन् भिताडाला टेकून बसला. सुरेखानं ताट वाढलं अन् झाकलं.

सकाळी दुकान उघडलं न्हाई. मला म्हनला, "तुला ठाऊक हुतं. पिच्चर कशाचा हाय ते."

"व्हय."

"अन् मला फ्लेक्स लावू दिलास."

"तू इचारलंच न्हाईस. इचार म्हनलं, तर पिच्चरसारखा पिच्चर म्हनलास."

ओरडला असता, ताट फेकलं असतं, तर मी समजले असते. त्याचा बाप सहादेव बी असाच फेकायचा, फेकून झालं की भाकर मागायचा. हा गप हाय. रागात हाय का काय हाय, मला कळंना. सोताच्या पोटचा, अन् पन्नास वर्सांत पहिल्यांदा कळंना.

काकासाहेब स्टँडावर बसून येनाऱ्या-जानाऱ्याला फ्लेक्स दावतोय, "बघा, फॅशन बघा." तू आत्ता एस्टीतनं उतरलीस तर पहिला तो भेटंल, मंग कोयता मांडीवर घेऊन बसल्याला बाप. म्हनून म्हनते, येऊ नको.

शर्ट तू नेलास. सांगायचं तरी हुतंस. सुरेखाचं डोकं मी लई खाल्लं त्याच्यावरनं. आज चहा आधी तिला दिला. ती म्हनली, साखर जास्त झालीय. झाली तर झाली.

रंगुबाई


शनिवार, २९ मार्च

स्नेहल,

उद्या पाडवा हाय, गडबड हाय, पन हे लिव्हल्याबिगर भागत न्हाई.

मंगळवार गेला, बुधवार गेला, दुकान बंद. लोक खतासाठी येऊन कुलूप बघून जायचे. परवा मी गवऱ्या थापत हुते तर मालनबाई पुन्हा पळत आली. ह्या बाईचं पळनंच माझा जीव घेनार हाय.

"रंगुबाई, कल्याण कोयता घेऊन स्टँडावर गेला!"

शेनाचे हात तसेच. सुरेखा माझ्या फुडं पळाली, तिचं गुडघं कुठं गेलं कुनास ठाऊक. स्टँडावर मान्सं बाजूला सरून उभी. काकासाहेब च्याच्या टपरीवर. तुझा बाप फ्लेक्सफुडं, हातात कोयता, अंगात घरातली बंडी. पांढरी कापडं न्हाईत. मला वाटलं, आता हा तुझं तोंड फाडतो. तुझ्या हिरव्या साडीवर कोयता पडला की सुरेखा काय करंल ह्याच्याकडंच माझं ध्यान.

काकासाहेब म्हनला, "शेठ, फ्लेक्सवर राग काढू नका. लेकीचं तोंड हाय."

तुझा बाप म्हनला, "खोटं हाय तेवढं काढतो."

अन् बांबूच्या कठड्यावर चढला. कोयता सोडून पंधरा वर्सं झाली असतील, पन मनगट इसरलं न्हाई. एका फटक्यात 'सुप्रसिद्ध फॅशन डिझायनर' खाली. दुसऱ्या फटक्यात गॉगलवाला सोता खाली. तुझं नाव ऱ्हायलं, तुझं तोंड ऱ्हायलं, अन् अभिनंदन ऱ्हायलं. मधी भोकं. त्यातनं वारं जातं अन् फ्लेक्स फडफडतो.

खाली उतरला अन् कोयत्याची धार अंगठ्यानं बघत म्हनला, "काकासाहेब, पडद्यावर दिसला तो शर्ट माझाय. अन् तो घालून ऊस तोडायची ती ही माझी बायको. आता हसा."

काकासाहेब म्हनला, "मी कवा हसलो? च्या घेता का?"

कुनी च्या घेतला न्हाई. आमी तिघं घरी आलो. खाली पडल्याली पट्टी मी काखंत मारून आनली, चांगला कागद वाया कशाला घालवा. 'सुप्रसिद्ध फॅशन डिझायनर' आता कोंबड्यांच्या खुराड्यावर हाय. ऊन लागत न्हाई त्यांस्नी.

घरी बसल्यावर त्यानं सुरेखाला इचारलं, "ठिगळ पोपटीच का लावल्यालं?"

"दुसरं कापड कुठं हुतं फडावर? चोळी फाडली."

"कुठली चोळी?"

"लग्नातली."

त्यानं भाकरी मोडली. चार दिसांनी पहिल्यांदा नीट जेवला. सुरेखा उठून बाहेर गेली अन् लई येळ हौदापाशी भांडी घासत बसली. भांडी घासल्यालीच हुती.

तुझं पाकीट काल आलं. स्टेजवर काय बोललीस ते लिव्हलंयस, लांबलचक. पहिल्या वळीत 'माझे वडील' दिसलं, तिथंच मी घडी घातली. ते मला सांगू नको अन् कागदावर बी सांगू नको. त्यांनी कापलं तर कापलं. हितं येऊन त्याच्याफुडं उभी ऱ्हा अन् बोल. हितं मागनं वाजंत्री वाजत न्हाई अन् मधी साबन येत न्हाई. पन एवढं ध्यानात ठिव, तो ऐकून काय बोलंल त्याची हमी मी देत न्हाई. फडावर मेली असतीस म्हनला हुता, ते त्यानं माघारी घेतल्यालं न्हाई अन् घेईल असं मला वाटत न्हाई. आमच्या घरात शब्द माघारी घ्यायची चाल न्हाई. तुला तेवढ्यासाठी थांबायचं असंल तर मुंबईतच थांब.

काल मी कागद-पेन काढलं तर तो दारात उभा. म्हनला, "आये, तिला कागद लिव्हतीस न्हवं?"

मी म्हनलं, "कुनाला?"

"मालनबाईच्या घरला येत्यात तिचे. तीन वर्सं ठाऊक हाय मला."

मी पेनाचं टोपन लावलं. ह्या महिन्यात मी लईच गप बसाय शिकले.

मंग तो कोंबड्यांकडं बघत म्हनला, "लिव्ह तिला. शर्ट पिच्चरवाल्यांचा न्हाई, माझाय. पुनवेच्या आत घरी पायजे."

"बरं. धाड म्हनते."

"धाड न्हाई. पोस्टानं नको म्हनावं. पोस्टात हरवतं."

तीन वर्सांत तुझा एकबी कागद पोस्टात हरवला न्हाई. पन हे मी त्याला म्हनले न्हाई.

कागद संपला. आशीर्वाद ऱ्हायला.

रंगुबाई